लांब काढलेल्या चपला

१० ऑक्टोबर, शुक्रवार. शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्येच बसून आठवी ब च्या वर्णनात्मक नोंदी उरकायला घेतल्या. सोमवारी रजिस्टर हेडमास्तरांच्या टेबलावर पाहिजे. वर्गात मुलं बासष्ट. प्रत्येकाच्या नावापुढं तीन रकाने: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. काम अवघड नाही. तयार नोंदींची यादी दर सहा महिन्यांनी शिक्षकांच्या ग्रुपवर फिरते. ‘चित्रे काढण्याची आवड आहे.’ ‘परिसर स्वच्छ ठेवते.’ ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ मोबाइल डाव्या हाताला ठेवायचा, रजिस्टर उजव्या हाताला, आणि उतरवत सुटायचं. बावीस वर्षं नोकरी झाल्यावर याची लाज वाटत नाही. हात तेवढे दुखतात.

चाळीस झाले. एक्केचाळीसला श्रावणी. यादीतलं ‘शांत व समंजस आहे’ हे वाक्य मी निवडलं, पेन टेकवलं आणि थांबले.

जूनमध्ये या मुलीच्या प्रवेशाला तिची आई आली होती, सारिका. सारिका आमच्याच शाळेची. फॉर्म भरून झाला, सही झाली, ती उठून दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मॅडम, येकच सांगते. हिला विचारत जावा."

"हो हो," मी म्हटलं आणि पुढचा फॉर्म ओढला.

आता सत्र संपत आलंय. चार महिन्यांत मी श्रावणीला एकही प्रश्न विचारलेला नाही. मुद्दाम नाही. ती खिडकीखाली तिसऱ्या बाकावर बसते, वही पूर्ण ठेवते, कुणाशी भांडत नाही. बासष्ट मुलांत त्रास न देणारं मूल दिसायचं राहून जातं. दुसरी कुणाची मुलगी असती तर मी ते वाक्य लिहून बेचाळीसला गेले असते. पण ही सारिकाची मुलगी, आणि सारिका म्हटलं की मला कलशेट्टी सर आठवतात. पेन खाली ठेवलं.

मी या शाळेत लागले तेव्हा सरांनी चाळिशी ओलांडली होती. भूगोल शिकवायचे. बुटके, रुंद खांद्यांचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि त्यांच्या मधोमध लाकडी मुठीची एक आरी, चामडं शिवायची. आरीच्या टोकाला खोडरबर टोचलेलं असायचं, खिसा फाटू नये म्हणून.

स्टाफरूममध्ये प्रत्येकाचं काही ना काही होतं. पीटीचे सर कुस्त्यांच्या मैदानांची हँडबिलं जमवायचे आणि मुलांचे दोनच प्रकार मानायचे, दमाचे आणि बिनदमाचे. हिंदीच्या सरांना शेळ्यांचा नाद. शेळीच्या तोंडखुरीवर ते बोलायला लागले की चहा गार व्हायचा. मी मधल्या सुट्टीत ब्लाउजच्या बाह्या दुमडून शिवायचे, कारण घरी वेळ मिळायचा नाही. त्याला छंद म्हणता येणार नाही. कलशेट्टी सर मुलांच्या चपला शिवायचे.

आमच्या शाळेत चपला वर्गाबाहेर काढायच्या, व्हरांड्यात, भिंतीला लागून ओळीनं. मधल्या सुट्टीची घंटा झाली की सर भाकरी आणि शेंगाचटणी दहा मिनिटांत संपवायचे, व्हरांड्याच्या पायरीवर बसायचे आणि ज्याचा अंगठा तुटलाय, ज्याचा पट्टा सुटलाय ती चप्पल मांडीवर घ्यायचे. मेण लावलेला दोरा, आरी आणि रबराचे तुकडे, एवढा संसार एका गोल डब्यात. टाके कन्नडमध्ये मोजायचे. "ओंदु, एरडु, मूरु..." सरांचं गाव कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं. लहानपणी एका दोस्ताच्या घरी चपलांचं काम चालायचं, तिथं बसून शिकले. "घरी पाठांतर घ्यायचे. तिथं कोण घेत नव्हतं," एवढंच कारण सांगायचे.

आमच्या क्लार्कला हे पटायचं नाही. "सर, तुमी मठात जाणारी माणसं. चप्पल मांडीवर घेऊन बसता. बरं दिसतं का?"

सर दोरा दातानं तोडायचे. "मठातच सांगितलं की, कायक करा, हातचं काम हीच पूजा म्हणून. तुमी मठात काय ऐकलं? प्रसाद कितीला हाय?"

एकदा तपासणीला साहेब आले. न सांगता आले आणि थेट व्हरांड्यातून चालत आले. सर पायरीवर, मांडीवर एका पोरीची जांभळी चप्पल. साहेब थांबले. हेडमास्तर मागून पळत आले, त्यांचा चेहरा पांढरा.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

सर उठले नाहीत. साहेबांच्या पायांकडं बघत म्हणाले, "साहेब, डावा बूट काढा. तळ सुटलाय. गाडीतून उतरल्यापास्नं ओढत चालताय तुमी."

साहेबांनी खाली बघितलं. तळ खरंच सुटला होता. मग त्या दिवशीची तपासणी साहेबांनी हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून, एका पायात बूट आणि एका पायात अंगठ्याला भोक पडलेला मोजा, अशी केली. शेरा चांगला मिळाला. हेडमास्तर दोन दिवस सरांशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःची चप्पल घेऊन आले.

पण शिवण्यापेक्षा सरांना नाद होता तो बघण्याचा. तासाला जाताना ते दारात थांबायचे, ओळीवरून एक नजर फिरवायचे आणि मग आत जायचे. हजेरी घ्यायच्या आधीच सांगायचे, "आज तीन कमी." एकदा एका पोरीनं मैत्रिणीची हजेरी दिली. "हजर, सर."

"तू हजर हायस," सर म्हणाले. "चपला कुठं हायत तिच्या?"

वर्ग हसून लोळला. पुढं कितीतरी दिवस मुलं एकमेकांना "चपला कुठं हायत?" असं विचारून चिडवायची.

"पोरं वरनं सारखीच दिसतात, मॅडम," सर मला सांगायचे. "युनिफॉर्म येक, तेल येक, भांग येक. खाली बघा." टाचेला काळी ओली माती असली की पोरगं पहाटे रानात पाणी धरून आलं. चप्पल एक नंबर मोठी आणि कोरी असली की बाप पुण्याहून आला. उजवीचीच टाच झिजलेली असली की पोरगं एका बाजूनं लंगडतं आणि घरी कुणाच्या लक्षात नाही. अशा एका मुलाला त्यांनी स्वतः सोलापूरला डॉक्टरकडं नेलं होतं. मुलाचे वडील आधी भांडायला आले आणि नंतर वर्षभर हिरव्या मिरच्या पोचवत राहिले.

सरांच्या आवडीनिवडी ठाम होत्या. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी पोरं त्यांना आवडायची नाहीत. "ह्याला उत्तर न्हाय, हात दाखवायचाय." पहिला नंबर काढणाऱ्यांबद्दल त्यांना काही म्हणायचं नसे. नकाशा वाकडा काढून त्यात गाव मात्र बरोबर जागी दाखवणाऱ्यावर खूश. मारायचे नाहीत. रागावले की कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायचे आणि शेवटी "इरली बिडी" म्हणून सोडून द्यायचे. असू द्या, असा त्याचा अर्थ. बदल्यांचे हुकूम, जनगणना, निवडणुकीची ड्यूटी, सगळ्यावर त्यांचं तेच उत्तर.

वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकावर सगळे लिहितात तेच तेही लिहायचे, प्रगती समाधानकारक. पण शिवाय एक आखीव ताव घ्यायचे आणि त्यावर वर्गातल्या प्रत्येक मुलापुढं एक ओळ. वर मथळा, ‘पुढील वर्गशिक्षकासाठी’. आठवी सरांकडं असायची. त्यामुळं तो ताव मुलांबरोबर नववीला जायचा, नववीतून दहावीला. दहावी माझ्याकडं. त्यातल्या काही ओळी मला अजून पाठ आहेत.

‘डाव्या कानानं कमी ऐकतो. स्वतःला माहीत नाही. उजवीकडं बसवा.’

‘हसतो तेव्हा समजलेलं नसतं.’

‘खोटं बोलते, पण दुसऱ्यासाठी.’

‘मारू नये. घरी पुरेसा मार आहे.’

आणि संस्थेच्या एका संचालकाच्या नातवापुढं: ‘हुशार आहे असं सर्वजण सांगतात.’

ते शेरे खरे निघायचे. नवीन वर्ग हातात आला की पहिले पंधरा दिवस नावं लक्षात ठेवण्यात जातात. इथं माणूसच लिहून मिळायचं. आम्ही सगळे त्या तावावर चालायचो. हेडमास्तर पालकसभेच्या आधी तो मागवून घ्यायचे. एखाद्या मुलाबद्दल वाद झाला तर कुणीतरी म्हणायचं, "कलशेट्टींनी काय लिहिलंय बघा," आणि वाद संपायचा. स्वतः बघायची गरज उरली नव्हती. तेव्हा ही मोठी सोय वाटायची.

सारिका आठवीत आली त्या वर्षी तिच्या चपला ओळीत नसायच्या. व्हरांडा संपतो तिथं पाण्याच्या टाकीची भिंत आहे. तिच्या आडोशाला ती चपला काढायची, तोंडं फाटकाकडं करून, आणि अनवाणी चालत वर्गात यायची. सरांनी आठ-पंधरा दिवस ते बघितलं. मला दाखवलंही. "बघा मॅडम. पळायच्या तयारीत असती पोरगी. लई भ्यालीय."

मीही बघितलं. तशी ती दिसायचीही. किडकिडीत, मान खाली, बाकाच्या कडेला बसलेली. आपण काय बघायचं हे आधी सांगितलं की तेच दिसतं.

त्या वर्षीच्या तावावर सारिकापुढं ओळ आली: ‘अतिशय भित्री. वर्गात उठवून विचारू नये.’

सरांनी ते मायेनं लिहिलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. उठवून अपमान करणारे मास्तर आमच्याकडं होते, त्यांच्यासाठी ती ओळ होती. सरांनी तिला आठवीत विचारलं नाही. नववीत कुणी विचारलं नाही. दहावीला ती माझ्या वर्गात आली. विज्ञान मी शिकवायचे. मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. चौसष्ट मुलं होती आणि अभ्यासक्रम संपवायचा होता. त्यात एकीकडं लक्ष द्यायला नको, असं एका शहाण्या माणसाच्या अक्षरात लिहून आलं होतं.

दहावीचा निकाल लागला. सारिकाला चांगले गुण पडले. माझ्या अंदाजापेक्षा बरेच चांगले. तिथंच मला काहीतरी खटकायला हवं होतं. निकालानंतर आठ दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. टोपी हातात, उभेच.

"मॅडम, पोरगी अकरावीला लोहाऱ्याला घाला म्हणती. जीपनं जावं यावं लागंल. गर्दी आसती. तुमी तीन वरसं बघितलीय तिला. निभंल का?"

मला त्या माणसाला खरं उत्तर द्यायचं होतं. मी कपाटातून ताव काढला, ओळ पाठ असूनही पुन्हा वाचली आणि म्हटलं, "अभ्यासात बरी आहे. पण बोलत नाही, घाबरते. बाहेर निभावेल असं मला वाटत नाही. तुम्ही बघा."

"न्हाय न्हाय, तुमी सांगितलं म्हंजे झालं," ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पत्रिका आली होती. वय किती, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग बरीच वर्षं गेली. सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. पावसाळा सरलेला, मधली सुट्टी. सर पायरीवर, मी त्यांच्या मागं खुर्चीत पेपर तपासत. एक बाई फाटकातून आली, कडेवर चार-पाच वर्षांची मुलगी. दाखल्याची दुय्यम प्रत पाहिजे होती, अंगणवाडीत मदतनीस म्हणून अर्ज करायचा होता. क्लार्क जेवायला गेला होता. ती व्हरांड्यात टेकली. सरांच्या हातातलं काम बघून हसली, मुलीच्या पायातली चप्पल काढली आणि पुढं केली.

"सर, हिचाबी आंगठा तुटलाय."

सरांनी चप्पल घेतली, आणि मग तिच्याकडं बघितलं. "तू सारिका. टाकीच्या भिंतीपाशी चपला काढणारी."

"व्हय सर! लक्षात हाय तुमच्या?"

"लक्षात म्हंजे? लई भित्री होतीस. म्या मास्तर लोकांना लिहून ठिवलं हुतं, हिला त्रास देऊ नका म्हणून." ते खूश झाले होते. आपण केलेलं एक बरं काम समोर चालत आल्यासारखं.

सारिकानं मुलगी मांडीवर घेतली. "भित्री? कोण, मी?"

"मग लांब का काढायचीस चपला?"

"त्या आईच्या हुत्या, सर."

सरांचा हात थांबला.

"माझ्या तुटल्या हुत्या. अनवाणी आलं की पीटीचं सर परारथनेला भाईर हुबं करायचे. मग आईच्या घालून यायची. मधल्या सुट्टीत आई खुरपायला जायची ह्याच वाटंनं. ती यायची, भिंतीमागनं चपला घालायची, जायची. वर्गापुढं आली आसती तर पोरी हसल्या आसत्या. म्हणून तिकडं. तोंड फाटकाकडं ह्यासाठी की तिला वाकून फिरवायला नको. कंबर दुखायची तिची."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. गंमत सांगावी तशी सांगत होती. मी मागं बसलेले, लाल पेन उघडं.

"मग घरी अनवाणी जायचीस?" सरांनी विचारलं.

"जवळच तर हाय."

मुलगी सरांच्या डब्यातले रबराचे तुकडे काढून जमिनीवर मांडत होती. सारिका तिच्याकडं बघत पुढं बोलली, जरा हळू.

"सर, तुमी लिहून ठिवलं हुतं व्हय? तरीच. तीन वरसं मला कुणी कायबी विचारलं न्हाय. आधी बरं वाटलं. मग वाटाय लागलं, मी कुणाला नकोच हाय वर्गात. कीर्तनात म्हाराजांच्या पाठीमागं बसल्यावानी. उत्तर यायचं आन् गिळायची. घरी आप्पा म्हणायचे, शाळेत बोलत न्हाय म्हणत्यात, तर पुढं काय बोलणार. तवा मला वाटलं, आसंल बाबा. मास्तर लोकांना जास्त कळतं."

‘शाळेत बोलत न्हाय म्हणत्यात.’ म्हणणारी मी. तिला ते माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

सरांनी अर्धा झालेला टाका ओढून काढला. पुन्हा घातला. तो वाकडा गेला. मी त्यांना टाका चुकताना कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी चप्पल खाली ठेवली, चष्मा काढला आणि एकदम मास्तरच्या आवाजात म्हणाले,

"सारिका, हुबी रहा."

ती दचकली. मुलीला खाली ठेवून उभी राहिली, पदर सावरून, हात मागं बांधून.

"तेरणा नदी कुठं उगम पावती?"

"तेरखेड्याजवळ."

"कुणाला मिळती?"

"मांजरेला." तिनं मागं बांधलेले हात सोडले. "तवाबी येत हुतं, सर."

सरांनी चष्मा परत घातला. "बस," म्हणायचंसुद्धा विसरले. ती उभीच होती. शेवटी मीच म्हटलं, "बस गं," आणि क्लार्क आला, आणि ती दाखल्यासाठी आत गेली. सरांनी मुलीची चप्पल शिवून दिली. या वेळी टाके मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कपाटातून सगळे जुने ताव मागून घेतले. मला वाटलं फाडतील. फाडले नाहीत. दोन दिवसांनी परत आणून दिले. सारिकाच्या वर्षाच्या तावावर, त्या ओळीच्या शेजारी, नवीन शाईत लिहिलं होतं: ‘मी हिला विचारलं नव्हतं.’ सही आणि तारीख, मस्टरवर करावी तशी.

"ठेवून घ्या," म्हणाले. "आन् ह्या वर्षी ताव मिळणार न्हाय."

"सर, एक चुकला म्हणून? बाकीचे तर बरोबर होते. त्या पायाच्या मुलाचं काय?"

"बरोबर हुते म्हणूनच तर," ते म्हणाले. "धा बरोबर आले, म्हणून अकराव्याला तुमी कुणी बघितलंच न्हाय. म्याबी न्हाय. इरली बिडी." पण ते सोडून दिल्यासारखं वाटलं नाही.

मला सांगायचं होतं की तिच्या वडिलांना उत्तर मी दिलं होतं. सांगितलं नाही. आता ते सांगायला कुणी उरलेलं नाही.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फेटा. भाषणात सगळ्यांनी चपलांचा विषय टाळला, बरं दिसणार नाही म्हणून. स्टेजवरून उतरल्यावर सर मुलांच्या ओळीत काढलेली स्वतःची चप्पल शोधत राहिले. कुणीतरी ती उचलून, पुसून, एका खुर्चीवर ठेवली होती. जाताना त्यांनी आरी माझ्या हातात दिली. "सोलापूरला फ्लॅटमधी कुणाच्या चपला शिवू?" मुलाकडं राहायला चालले होते. मला शिवता येत नाही. ती स्टेपलरच्या शेजारी ड्रॉवरमध्ये पडली, खोडरबरासकट.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. लोहाऱ्याच्या बसस्टँडवर, भर दुपारी. मी ट्रेनिंगहून परतत होते, ते गावच्या जमिनीच्या कागदासाठी तहसीलला आलेले. काठी होती. चष्म्याची काच जाड झाली होती. मी पाया पडले. सवयीनं त्यांची नजर माझ्या पायांकडं गेली. पूर्वी असतं तर सांगितलं असतं, उभं राहून शिकवणं कमी करा, टाच झिजलीय. पण त्यांनी नजर उचलली, माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि विचारलं, "मॅडम, कशा हायात?"

पंधरा वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं.

मी "बरी आहे" म्हटलं. ते वाट बघत राहिले. उत्तर पुरं झालेलं नाही हे त्यांना कळलं होतं. मग मी गुडघे दुखतात हे सांगितलं, ऑनलाइन माहिती भरण्यात शिकवायचं राहतं हे सांगितलं, कंटाळा आलाय हेही सांगितलं. उमरग्याची गाडी लागली. एका पोरानं त्यांना हात देऊन चढवलं. खिडकीशी बसून ते त्या पोराला काहीतरी विचारत होते. गाडी हलली.

गेल्या वर्षी सर वारले. ग्रुपवर फोटो आला, सगळ्यांनी हात जोडलेलं चिन्ह टाकलं. मीही टाकलं.

शुक्रवारी एक्केचाळीस नंबर मी कोरा ठेवला, बाकीचे एकवीस यादीवरून उतरवले आणि घरी आले. जेवताना नवरा म्हणाला, एकच राहिलंय तर लिहून टाक की. मी म्हटलं, उद्या बघते.

शनिवारी सकाळची शाळा. पहिला तास माझाच, आठवी ब. धडा बल आणि दाबाचा. जाताना ड्रॉवरमधून आरी घेतली आणि दारात थांबून ओळ बघितली. बासष्ट मुलं, चपला सगळ्या सारख्याच, प्लॅस्टिकच्या, एकाच आठवडी बाजारातल्या. त्यातल्या श्रावणीच्या कुठल्या, मला ओळखता आल्या नाहीत. आत गेले.

"श्रावणी, उभी राहा. ही आरी. हिच्यानं चामड्याला भोक पडतं. तेवढ्याच जोरानं बोट दाबलं तर पडत नाही. का?"

ती उभी राहिली. मान खाली. पुढच्या बाकावरची तीन-चार मुलं लगेच हात वर करून "मॅडम मी, मॅडम मी" करायला लागली. मी त्यांना हात खाली घ्यायला लावले. शेजारच्या वर्गात कविता चालली होती, ती ऐकू यायला लागली. माझ्या तोंडात "बरं, बस" आलं होतं. बावीस वर्षांची सवय. ते आतच ठेवलं आणि टेबलाला टेकून उभी राहिले. गुडघा दुखत होता.

बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

"मॅडम, परत विचारा."

मी परत विचारलं.